दुमडलेली दोन बोटं

माझ्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं मी जवळजवळ तीन वर्षं चिंधीनं बांधून ठेवली होती. मोडली नव्हती, भाजली नव्हती, सुजलेलीही नव्हती. चांगली धडधाकट बोटं. पुढं त्यांनीच मला नोकरी लावून दिली, कपाटभर चषक आणून दिले आणि आता म्हातारपणी गुडघ्याला मलम लावायलाही तीच कामाला येतात. पण त्या काळात शाळेतून आले की दप्तर खुंटीला अडकवायचं, मायच्या जुन्या लुगड्याची फाडलेली पट्टी घ्यायची, एक टोक दातात धरायचं आणि डाव्या हातानं अंगठ्याशेजारचं बोट व मधलं बोट तळहाताकडं दुमडून करकचून गाठ मारायची. मग कॅरमसमोर बसायचं. परवा नातीला हे सांगितलं तर ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आजी, तू जरा येडीच होतीस का?" जरा कशाला, पुरती होते.

त्याचं कारण बापू. माझे वडील जालन्यातल्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. मी पाळण्यात असताना सरकी काढायच्या मशीनमध्ये त्यांचा उजवा हात गेला. हात वाचला, ही दोन बोटं मात्र मुळाशी दोन खुंटं ठेवून गेली. मालकानं त्यांना फाटकावर चौकीदार म्हणून बसवलं. फाटकासमोरच्या चहाच्या हॉटेलात एक कॅरम होता. बसून बसून माणूस काय करणार? बापूंनी करंगळीशेजारच्या बोटानं स्ट्रायकर मारायला सुरुवात केली. ती दोन खुंटं फळीवर टेकवायची, खालून अंगठा लावायचा आणि ते एरवी कुठल्याच कामाचं नसलेलं बोट असं सुटायचं, की समोरच्याला दिशाच कळायची नाही. सोंगटी पॉकेटमध्ये गेल्यावर मग कुठं आवाज यायचा. पाच-सहा वर्षांत बापूंना परतूरपासून परभणीपर्यंत लोक 'उस्ताद' म्हणायला लागले. जयंतीच्या मांडवात, उरुसात, गणपतीत, जिथं कॅरमच्या मॅची असत तिथं उस्ताद लागत. गॅसबत्तीखाली लोक खुर्च्यांवर उभे राहून बघत. त्या फटक्याचं नावच पडलं होतं, उस्तादचा झटका. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा बापूंच्याच मांडीवर होते म्हणतात. मला आठवत नाही. पण कुणी विचारलं तर आठवतं असंच मी सांगत आले.

आम्ही जालन्यातच, मस्तगडला दोन खोल्यांत राहायचो. आम्ही म्हणजे बापू आणि मी. माय गावाकडं, घनसावंगीच्या पलीकडं, तिथं आमची थोडी जमीन होती आणि आजा अंथरुणाला खिळलेला होता. गावात शाळा सातवीपर्यंतच. म्हणून मला बापूंकडं आणून सोडलं, शिकायलाही आणि भाकरी थापायलाही. मायनं जाताना मला चूल दाखवली, पिठाचा डबा दाखवला, येसराचं भाजकं पीठ दाखवलं आणि म्हणाली, "बापाकडं ध्यान दे. अन् त्याला येसराची आमटी आवडते, ती पातळ करायची न्हाई." एवढं शिक्षण घेऊन मी संसाराला लागले, वय वर्षं बारा. माय पंधरा-वीस दिवसांनी यायची. येताना अंबाडीची जुडी, लाल मिरची, तुरीची डाळ आणायची. एक रात्र राहायची आणि सकाळच्या गाडीनं परत. ती गेल्यावर चुलीपाशी तिच्या बांगडीचा तुकडा सापडला तर मी तो चार दिवस उचलायचे नाही. तिथंच झाडून त्याच्या भोवतीनं पुढं जायचे. अशी मी तेव्हापासूनच तिरपागडी.

बापूंची ड्युटी दुपारची. मी शाळेतून यायच्या आत ते गेलेले असत आणि मी झोपल्यावर येत. सुट्टीच्या दिवशी कुठंतरी मॅच असे. त्यामुळं एका घरात राहून आमची गाठ पडायची ती सकाळी, तास-दीड तास. जिनिंगचा पहिला भोंगा व्हायचा, रस्त्यावरून टांगे जायचे, शेजारच्या शहनाजखालाच्या कोंबड्या आमच्या दारात यायच्या आणि बापू चहाचा पेला हातात घेऊन माझ्यासमोर बसायचे. समोर म्हणजे कॅरमच्या पलीकडं. बाहेरच्या खोलीत एका रिकाम्या पिंपावर तो कायम मांडलेला असे. आमच्याकडं देव नव्हते, भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि खाली कॅरम. बापू म्हणायचे, "मार." मी मारायची. ते बघायचे आणि म्हणायचे, "अजून मार." कधी "हां" म्हणायचे. तो "हां" मला आठवडाभर पुरायचा. एक पूर्ण गेम मात्र ते माझ्याशी कधी खेळले नाहीत. मी एकदा विचारलं होतं, "बापू, आपण दोघं खेळू ना." ते म्हणाले, "तू अजून कच्ची हाईस. कच्च्या माणसासंगं खेळलं की हात बिघडतो." मला ते अगदी पटलं. आपल्यामुळं बापूंचा हात बिघडायला नको म्हणून त्यानंतर मी विचारलंसुद्धा नाही. केवढी ही समजूतदार बया!

त्यांच्यासारखं व्हायचं तर त्यांच्यासारखं मारलं पाहिजे, आणि त्यांच्यासारखं मारायचं तर ती दोन बोटं मध्ये यायला नकोत, हा माझा हिशेब. म्हणून चिंधी. शेजारची शहनाजखाला एकदा वाटीत खीर घेऊन आली, माझा हात बघून घाबरली. "अगे बेटी, हात को क्या हुआ? जल गया क्या?"

"न्हाई खाला, प्रॅक्टिस करून राह्यले."

"कायकी प्रॅक्टिस?"

"कॅरमची. बापूसारखी."

खालानं माझं मनगट धरून हात उलटसुलट बघितला. मग म्हणाली, "अल्ला ने दिये सो उंगल्यां बांध के बैठी. तेरे बाप को मालूम है?" मी म्हटलं, बापूंसमोर बांधत नाही, बापूंसमोर नुसती दुमडून धरते. खालानं खिरीची वाटी पिंपावर कॅरमच्या कडेला ठेवली, "पहले खोल, फिर खा," म्हणाली आणि मी खाईपर्यंत दारातून हलली नाही. त्या घरात मला समोर थांबून कुणी खाताना बघितलं ते बहुतेक तेवढंच.

एकटं माणूस कॅरम कसं खेळतं? सोपं आहे. इकडून मारायचं, उठायचं, पिंपाला वळसा घालून तिकडं बसायचं, तिकडून मारायचं. मी इकडून बापू असायची. तिकडं कुणीतरी पाहिजे म्हणून मी एक बाई तयार केली. ती परतूरची. परतूरच का, तर बापू तिथं एकदा हरता हरता वाचले होते असं ऐकलं होतं. ही परतूरवाली मोठी गर्विष्ठ, पायात चपला घालून घरात येणारी, चहा दिला तर "आमी कपातच पितो" म्हणणारी. तिचा खेळ बापूंपेक्षा वेगळा दिसावा म्हणून मी तिला साध्या बोटानं, अंगठ्याशेजारच्या बोटानं खेळायला लावायची. म्हणजे इकडं आलं की चिंधी बांधायची, तिकडं गेलं की सोडायची. एका गेमला तीस-चाळीस गाठी. शेवटी कंटाळून मी त्या पट्टीचं टोपडं शिवलं, बाळाच्या डोक्याला घालतात तसं, बोटांवर चढवायचं आणि काढायचं. पावडर संपली की चाळलेलं ज्वारीचं पीठ टाकायची. दुसऱ्या दिवशी कॅरमवर मुंग्यांची मिरवणूक. बापू विचारायचे, "हे मुंगळे कामून यायलेत?" मी म्हणायची, "खालाच्या कोंबड्यांमुळं." कोंबड्यांचा आणि मुंग्यांचा काय संबंध हे त्यांनीही विचारलं नाही. त्यांचं लक्ष घरात असं कितीसं होतं?

गंमत अशी झाली की परतूरवाली जिंकायला लागली. आधी कधीमधी, मग रोज. बापूंच्या झटक्याला जोर होता, पण हळूच ढकलायची सोंगटी, काठाला घासून जाणारी, आपल्याच बाजूची मागच्या मागं घ्यायची, ती काही त्या बोटानं माझ्याच्यानं जमायची नाही. त्यांना जमायची, ते उस्ताद होते. परतूरवाली मात्र सगळंच करायची आणि वर चहा मागायची. मला तिचा असा राग यायचा की काय सांगू. मग मी बापूंच्या बाजूनं लबाडी करायची. तिची राणी पॉकेटच्या तोंडाशी असली की वळसा घालून जाताना पिंपाला चुकून धक्का लागायचा. "अरेरे," म्हणायची मी तिला, आणि परत लावताना राणी चार बोटं दूर ठेवायची. घरात दुसरं कुणी नाही, खेळणारीही मीच, हरणारीही मीच, आणि मी लबाडी करतेय. आज वाटतं, त्या पोरीला जवळ बसवावं, वेणी घालून द्यावी. पण तेव्हा कुणी जवळ घेतलं असतं तर मी चावले असते.

मी दहावीत असताना मुलींच्या राज्य स्पर्धेसाठी आमच्या भागातून एक मुलगी निवडायचं ठरलं आणि निवडीच्या मॅची जालन्यात, एका शाळेच्या हॉलमध्ये घ्यायचं ठरलं. बक्षीस द्यायला उस्तादांनाच बोलावलं. त्या सकाळी बापू चहा पिता पिता बोलले. एकदम इतकं बोलले की मी स्ट्रायकर खाली ठेवला.

"सुमे, निवडून आलीस तर राज्याला पुण्याला जावं लागंल. आठ दिवस."

"हां बापू."

"मी रजा टाकतो. मी बी येतो तुझ्यासंगं. दोघं जाऊ. तिथं मोठमोठे खेळणारे येतेत, त्यायला दाखवू आपला झटका काय असतो ते."

आठ दिवस! मी मनात सगळं मांडून टाकलं. गाडीत मी खिडकीशी, बापू शेजारी. मनमाडला गाडी बदलायची. सकाळी चहा दोघांचा, दुपारी जेवण दोघांचं, संध्याकाळीसुद्धा बापू घरी, म्हणजे जिथं असू तिथं. राज्य स्पर्धा वगैरे मला काही नव्हतं. कुणी मला सांगितलं असतं की पुण्याला न जाता बापूंबरोबर आठ दिवस घनसावंगीच्या स्टँडवर बसून राहा, तरी मी डबा बांधून निघाले असते. पुढं वर्तमानपत्रवाल्यांनी विचारलं, तुमची प्रेरणा काय? मी म्हटलं, देशासाठी काहीतरी करावं असं लहानपणापासून वाटत होतं. छापून आलं तसंच. माझं नाव दुसऱ्या ओळीत, पहिल्या ओळीत 'उस्तादांची कन्या'. ते मला त्या दिवसांत खटकायचं नाही, उलट मी कात्रण उशाखाली ठेवायची.

मॅचींच्या दिवशी निम्मं मस्तगड हॉलमध्ये लोटलं होतं. जिनिंगमधली माणसं, हॉटेलवाला, बुरखा सावरत खाला. बापू पहिल्या रांगेत, पांढरा सदरा, टोपी, गुडघ्यावर उजवा हात. मी पहिल्या दोन मुलींना झटक्यानंच हरवलं. माझ्या प्रत्येक फटक्याला मागून आवाज, "वा रे उस्तादची पोरगी!" त्या बिचाऱ्या मुली खेळाला नाही, त्या आवाजालाच भ्याल्या. शेवटची मॅच औरंगाबादच्या शैलाबरोबर लागली. तिच्या हातात घड्याळ होतं, केसाला रिबीन होती आणि ती भीत नव्हती. तिनं पहिला गेम माझ्यावर असा काढला, जसा आपण ताटातला खडा काढतो. शांतपणे. मी जोर लावत होते, माझ्या सोंगट्या पॉकेटला धडकून परत येत होत्या, आणि ती नुसतं बोट टेकवून, ढकलून, एक एक नेत होती. तीन गेममधले दोन घ्यायचे. आता एक हरले तर पुणं गेलं, मनमाड गेलं, दोन कप चहा गेला.

दुसऱ्या गेमच्या आधी बाजू बदलतात. मी उठले, फळीला वळसा घालून पलीकडं जाऊन बसले. आणि बसल्याबरोबर माझी बोटं उघडली. मी ठरवलं वगैरे नव्हतं, असं मी बरीच वर्षं सांगत आले. खोटं आहे ते. ठरवलं होतं. वळसा घालताना दोन पावलांत ठरवलं. त्या बाजूला बसलं की परतूरवालीच व्हायचं, ही माझ्या अंगाची सवय होती खरी, पण बापू समोर आहेत हे मला दिसत होतं आणि मला त्यांच्याबरोबर पुण्याला जायचं होतं. मी अंगठ्याशेजारचं बोट स्ट्रायकरमागं लावलं.

पहिली सोंगटी गेली तेव्हा मागून नेहमीसारखा आवाज आला. दुसरीला कमी. तिसरीला कुणीतरी म्हणालं, "अरे, ही तर साधीच मारायली." हॉटेलवाला मोठ्यानं बोलला, "उस्ताद, पोरीनं तुमचा झटका सोडला की हो." मी एकदाच वर बघितलं. बापू माझ्या हाताकडं बघत होते, आणि त्यांनी आपला उजवा हात गुडघ्यावरून उचलून डाव्या हाताखाली ठेवला होता. मग मी वर बघितलं नाही. राणी घेतली, तिच्यावर पांढरी घेतली. दुसरा गेम माझा झाला. तिसऱ्यात बाजू परत बदलली तरी मी बोटं दुमडली नाहीत, शैलानं दात ओठ खाल्ले, पण परतूरवालीला इतकी वर्षं कुणी धक्का न लावता खेळू दिलं नव्हतं, ती त्या दिवशी पोटभर खेळली. शेवटची सोंगटी पडली तेव्हा आधी खालानं टाळी वाजवली, मग बाकीच्यांनी.

बक्षीस द्यायला उस्तादांना हाक मारली तर खुर्ची रिकामी. शाळेच्या हेडमास्तरांनी चषक दिला आणि मला म्हणाले, "वडील गर्दीत कुठं अडकले वाटतं." मी म्हटलं, "हो, अडकले असतील."

चषक दप्तरात घालून मी घरी आले. बापू बाहेरच्या खोलीत कॅरमशी, आपल्या नेहमीच्या बाजूला बसले होते. टोपी पिंपाशेजारी पडली होती. मी आत जाऊन चूल पेटवायला घेतली, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. बाहेरून आवाज आला, "जिंकलीस?"

"हां."

"कधीपास्नं मारायलीस त्या बोटानं?"

"तुम्ही परभणीला गेल्ते ना, तवापास्नं."

"तीन वर्सं झाली."

"हां."

मी पीठ मळत राहिले, पाणी जास्त झालं. मग ते दारात येऊन उभे राहिले. "तू चिंधी बांधायचीस ते मला माहीत व्हतं. शहनाजबी बोल्ली व्हती मला. मागंच."

मी हात पिठात ठेवून वर बघितलं.

"मी तुला सोड म्हणाया पाहिजे व्हतं," ते म्हणाले. "न्हाई म्हणलो. मला बरं वाटायचं, सुमे. लोकं माझा झटका बघतेत, वा वा करतेत, घरी जातेत. तसा हात कुणाला पाहिजे असतो का? तुला पाहिजे व्हता." मग आपल्या हाताकडं बघत म्हणाले, "बोट व्हतं तवा मी बी मारायचो तसंच. लई साधा खेळायचो. कुणी नावबी विचारत नव्हतं."

मी त्या वेळी काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. आज मला दहा वाक्यं सुचतात, भाजी निवडता निवडता सुचतात. त्या शहाणीला एकच सुचलं. ती म्हणाली, "बापू, रजा टाकली का?"

त्यांनी मान हलवली, नाही अशी. "मी येऊन काय करू तिथं? तुझ्या खेळातलं मला काय कळतंय आता. औरंगाबादला तुमच्या खेळाच्या बाई बसणार हाईत गाडीत. तेवढं दीड-दोन तास तर एकटीनं जायचंय."

"मी परत बांधते."

"न्हाई."

"पुण्याला झटकाच मारते बापू. खरंच. मंग तर याल ना?"

"न्हाई म्हणलो ना. आता बांधायची न्हाई." आवाज चढला नव्हता. ते आत आले, कोपऱ्यातल्या खिळ्यावर टांगलेलं माझं टोपडं काढलं आणि चुलीत टाकलं. जुनं लुगडं, भर्रकन गेलं. मग ते माझ्यासमोर पाटावर बसले आणि म्हणाले, "भाकरी कर. पातळ मळलंस तरी चालंल." त्या रात्री आम्ही दोघं एका वेळी जेवलो. आमटी बरी झाली होती. मी सारखी वाट बघत होते की ते म्हणतील, चल, एक गेम खेळू. आता मी कच्ची राहिले नव्हते. त्यांनी ताटात हात धुतला आणि ड्युटी नसताना ड्युटीला निघून गेले.

पुढं मी खेळतच राहिले. राज्यात खेळले, देशात खेळले, खेळाच्याच जोरावर बँकेत लागले, लग्नही खेळाडूशीच केलं. तो खो-खोवाला होता, कधी एका जागी बसायचा नाही. शिकवणारे भेटले, चांगले भेटले. पण सकाळी चहाचा पेला घेऊन समोर बसून माझ्या हाताकडं बघणारं कुणी राहिलं नाही. बापू घरात असत, कॅरम पिंपावर असे, मी मारत असे. ते खिडकीशी पेपर वाचत. एकदा मी मुद्दामच वाईट मारलं, सलग चार-पाच वेळा, हातात फोड आल्यासारखं. ते पेपरातून बाहेर आले नाहीत. लोकांना वाटायचं, बाप-लेकी एकाच खेळात, घरात काय गप्पा रंगत असतील!

पण ते पुढचं. पुण्याला निघाले त्या दिवशी माय गावाहून आली होती, तिनं धपाटे केले, लसणाची चटणी दिली आणि पदरात तोंड घालून घरीच बसली. स्टेशनवर बापू आले. त्यांनी मला बायकांच्या डब्यात खिडकीशी बसवलं, आतल्या एका म्हाताऱ्या बाईला सांगितलं, "माय, पोरीला औरंगाबादपर्यंत बघा. तिथं तिच्या बाई येणार हाईत." बाईनं विचारलं, "लग्नाला चालली का?" "न्हाई," बापू म्हणाले, "खेळाया चालली." बाईला ते काही कळलं नाही, पण तिनं सरकून जागा दिली.

गाडी सुटायला वेळ होता. बापू खिडकीबाहेर उभे होते, एकदा इंजिनाकडं बघत, एकदा घड्याळाकडं. मग त्यांनी खिशातून फुटाण्याची पुडी काढली, एक फुटाणा खिडकीच्या चौकटीवर ठेवला आणि म्हणाले, "दाखव बरं, कसं धरतीस."

मी बोट फुटाण्यामागं लावलं आणि उडवला. तो प्लॅटफॉर्मवर कुठं तरी गेला. त्यांनी दुसरा ठेवला. "सावकाश दाखव. मनगट कुठं ठेवतीस?" मी सावकाश दाखवलं. मनगट असं टेकवायचं, बोट असं वाकवायचं, नखाची बाजू लावायची, जोर नाही लावायचा, नुसतं सोडायचं. ते खाली वाकून बघत होते, चौकटीला नाक लागेल इतकं. आणि चौकटीच्या खाली, मला दिसणार नाही असं त्यांना वाटत असावं, त्यांचा उजवा हात हलत होता. ती दोन खुंटं वाकत होती, सरळ होत होती, मी करत होते तसं.

शिट्टी झाली. मी म्हटलं, "बापू, जाते." गाडी हलली तसे ते बरोबर चालायला लागले. मी हात बाहेर काढून हलवला, आणि ते माझ्या तोंडाकडं न बघता त्या हाताकडंच बघत राहिले.